साडभाऊ डिस्क मारतात

आमच्या साडभाऊंच्या घरी जाऊन त्यांच्या मुलीचं जावळ न पाहता परत आलेला माणूस अख्ख्या वाशीम जिल्ह्यात सापडायचा नाही. मुलगी आता लग्न होऊन एका लेकराची आई झाली आहे, पण पाहुणा टेकला, पाण्याचा गडवा समोर आला, की साडभाऊ उठतात, टीव्हीखालच्या कपाटातून एक चकती काढतात आणि ते जावळ पुन्हा एकदा उतरतं. मतं मागायला आलेले उमेदवार, खताच्या कंपनीचा माणूस, घर मोजायला आलेल्या बाई, सगळ्यांनी ते पाहिलेलं आहे. त्यातला एक उमेदवार पडला, पण रिसोडच्या बाजारात भेटला की अजून विचारतो, "पोरगी बरी आहे ना? फार रडली होती हो."

साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. रिठदला त्यांचा भाजीपाल्याचा मळा आहे. वांगी, मिरची, मेथी आणि सांबार, म्हणजे तुम्ही ज्याला कोथिंबीर म्हणता ती. हा झाला पोटापाण्याचा धंदा. खरा धंदा कांद्याच्या खोलीत चालतो. तिथे एका बाजूला कांद्याची रास आणि दुसऱ्या बाजूला खताच्या रिकाम्या पोत्याने झाकलेला जुना कॉम्प्युटर असतो. घरातल्या, गावातल्या, लांबच्या आणि ओढूनताणून लावलेल्या नात्यातल्या प्रत्येक कार्याचे फोटो आणि व्हिडिओ साडभाऊ स्वतः काढतात, त्यांची गाण्यांसकट फिल्म बांधतात आणि डिस्कवर उतरवतात. आमच्याकडे याला डिस्क मारणं म्हणतात. त्यामुळे साडभाऊंना फोन केला आणि ताईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, उचलला, तर "ते आत मारून राह्यले" एवढंच ऐकू येतं. नव्या माणसाला घाबरायला तेवढं पुरतं.

डिस्क मारणं चालू असताना त्या घरात श्वाससुद्धा बेताने घ्यायचा असतो. मध्येच वीज गेली किंवा झटका बसला तर डिस्क वाया जाते, म्हणून मिक्सर लावायचा नाही, मोटर चालू करायची नाही, इस्त्रीचं तर नावही काढायचं नाही. एकदा ऐन पोळ्याच्या दिवशी ताईंचं पुरण वाटायचं राहिलं होतं आणि आत कोणाच्या तरी साखरपुड्याची डिस्क चढली होती. ताई दाराशी पातेलं घेऊन उभ्या, आणि साडभाऊ आतून, "थांब वो, अर्धा साखरपुडा झाला." शेवटी ताईंनी शेजारून पाटा आणून पुरण वाटलं. त्या दिवशी त्या जेवताना साडभाऊंशी एक शब्द बोलल्या नाहीत. साडभाऊंच्या ते लक्षातही आलं नाही. पोळी तोंडात घालून ते मला सांगत होते, "भाऊ, पाट्यावरच्या पुरनाची चवच येगळी. काहून बंद केलं होतं यायनं?"

वाया गेलेल्या डिस्का मळ्यात जातात. दोरीला बांधून त्या मेथीच्या आणि मिरचीच्या वाफ्यांवर टांगल्या, की उन्हात चमकतात आणि पाखरं फिरकत नाहीत. गावातले लोक त्या दोऱ्यांकडे पाहूनच साडभाऊंचं बरं चाललंय की वाईट ते ओळखतात. मधल्या एका उन्हाळ्यात विजेचा फार खेळखंडोबा झाला, तेव्हा मळा असा झगमगत होता की रस्त्यावरच्या गाडीवाल्यांनी तक्रार केली म्हणे.

फिल्म बांधण्याची त्यांची स्वतःची एक कला आहे. त्यांच्या हातचा फोटो कधी सरळ येत नाही. तो फिरत येतो, पाकळ्यांतून उमलतो, पुस्तकाच्या पानासारखा उलटतो किंवा बदामाच्या आकारातून प्रकटतो. कॉम्प्युटरने एवढे प्रकार दिलेले आहेत तर ते न वापरणं म्हणजे ताटातलं टाकून उठण्यासारखं, असं त्यांचं म्हणणं. भावकीतल्या एका काकांच्या तेरवीला त्यांनी अशीच फिल्म लावली. सगळे गंभीर बसले होते. पडद्यावर एक लाल बदाम धडधडत आला, त्यातून काका गिरक्या घेत बाहेर पडले आणि शेवटी त्यांच्या चांदण्या होऊन विखुरल्या. आणि काकूच पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. "जित्तेपनी कधी असे नाचले नाई जी," असं म्हणून हसता हसता रडल्या. जाताना मात्र त्यांनी ती डिस्क मागून घेतली.

पुढे घरोघरी डिस्क लावायचं यंत्रच दिसेनासं झालं. साडभाऊंनी त्यावरही उपाय काढला. ते स्वतःचा प्लेअर बरोबर नेऊ लागले. मोटरसायकलच्या हँडलला पिशवी, पिशवीत टॉवेलात गुंडाळलेला प्लेअर आणि लाल-पांढऱ्या-पिवळ्या टोकांची वायर. कोणाकडेही गेले की पाणी पिण्याआधी टीव्हीच्या मागे वाकून पाहायचं, ही त्यांची रीतच झाली. रेणूसाठी, म्हणजे त्यांच्या मुलीसाठी, मानोऱ्याजवळ स्थळ पाहायला गेलो तेव्हा मुलाचे वडील शेतीबद्दल सांगत होते आणि आमचे साडभाऊ त्यांच्या टीव्हीच्या मागे. परतताना ताईंनी विचारलं, "कसं वाटलं?" साडभाऊ समाधानाने म्हणाले, "घर चांगलं हाय. टीव्हीले तिन्ही भोकं हाय." ताईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू साडभाऊंचं स्थळ त्यांच्यासाठी मीच शोधलं होतं.

"मोबाइलमध्ये पाठवून द्या ना सगळ्यांना," असं मी एकदा बोलून गेलो. साडभाऊंना वाईट वाटलं. "भाऊ, मोबाइलात टाकलेला फोटो कोन पाह्यते? बोटानं सरकला का गेला. डिस्क हातात येते. हातात आलेली वस्तू मानूस जपते." हे मला तेव्हा फारसं पटलं नव्हतं. नंतर जे घडलं, ते मात्र मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आमच्या सासूबाई केनवडला धाकट्या मुलाकडे, म्हणजे माझ्या मेहुण्याकडे असतात. नातवंडं सोडली तर त्यांना सगळं घर माय म्हणतं, जावईसुद्धा. माय म्हणजे आमच्या गोतावळ्याचा मुख्य खांब. कोणाच्या मुलीला कोणती साडी नेसवायची, कोणत्या पाहुण्याला पहिल्या पंगतीला बसवायचं, हे त्यांनी एका नजरेत ठरवायचं. त्याच मायच्या डोळ्यांत काचबिंदू झाला. कडेकडेने अंधार येत गेला आणि त्या कोणाला बोलल्या नाहीत. कळलं तेव्हा उशीर झाला होता. गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टरांनी समजावून सांगितलं. माय शांतपणे म्हणाल्या, "बरं. पाहून झालं होतं तसंही."

पण रेणूच्या साखरपुड्यात एक छोटी गोष्ट झाली. नातीची ओटी भरायला मायना पुढे नेलं. शेजारी नवऱ्या मुलाची बहीण बसली होती. मायनी खण-नारळ तिच्या पदरात घातला, तिच्याच गालावरून हात फिरवला आणि "सुखी राहजो, माह्ये बाई" म्हणाल्या. ती पोरगी गोंधळून हसली. मग दोन-चार बायका हसल्या. कोणाच्या मनात वाईट नव्हतं. मायसुद्धा हसल्या. मात्र केनवडला परतल्यावर त्यांनी मुलाला सांगून टाकलं, "आता मले कोठी नेजो नको. लग्नाले बी नाई."

आम्ही सगळ्यांनी समजावून पाहिलं. शेवटी साडभाऊ सांबाराची मोठी जुडी घेऊन केनवडला गेले. मी बरोबर होतो. माय ओसरीत बसल्या होत्या.

"माय, तुमच्याबिगर लगन कसं लागन?" साडभाऊ म्हणाले.

"लागते. अक्षता पडल्या का लागते."

"तुमी नुस्त्या बसून राहजा. मी तुमच्या बाजूनं हटत नाई."

"तुमी पोरीचे बाप हा जवाईबुवा. तुमाले कामं नाई का?" माय हसल्या. मग खाली मान घालून म्हणाल्या, "मी येऊन काय पाहू? कोनाच्या अंगावर जाऊन पडू? माहं हसू होते त होते, पोरीच्या लग्नाचं कायले करू?"

साडभाऊ सांबाराची जुडी सोडून पुन्हा बांधत बसले. परतताना वाटेत ओळखीची घरं लागली, तरी ते कोणाच्या टीव्हीमागे वाकायला थांबले नाहीत. माझ्या आठवणीत असं पहिल्यांदाच झालं.

लग्न रिठदलाच होतं. मानोऱ्याकडून वऱ्हाड आलं. फोटोवाले ठरवलेले होते, त्यांचा तो वर उडणारा कॅमेराही होता. तरीही मुलीचे बाप सकाळपासून स्वतःचा कॅमेरा घेऊन मांडवात फिरत होते. समोर येईल त्याला थांबवायचं आणि म्हणायचं, "नाव सांगा. कोनाचे कोन ते सांगा. काय घातलं ते सांगा. अन् मोठ्यानं." लोकांना वाटलं, धावपळीने माणसाचं डोकं फिरलं. एक म्हातारे पाहुणे चिडलेच. "काय घातलं म्हंजे? तुमाले दिसून नाई राह्यलं का? धोतर हाय!" साडभाऊ म्हणाले, "बम चांगलं सांगलं. आता टोपीचं बी सांगा." स्वयंपाकाच्या चुलाणाशी गेले तर आचाऱ्याला प्रश्नच वेगळा समजला. "काय घातलं? तिखट घातलं, हिंग घातला, मीठ घालून राह्यलो." साडभाऊंनी तेही तसंच राहू दिलं आणि कॅमेरा कढईजवळ नेऊन रटरट आवाज घेतला.

नवऱ्या मुलाच्या आईला हे रुचलं नाही. "माही साडी दिसत नाई का याईले?" असं म्हणून त्या मान वळवून पुढे गेल्या. माझ्या बायकोने त्यांना बाजूला नेऊन सगळं सांगितलं. पाच मिनिटांत त्या आपणहून परत आल्या, कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या, पदर सारखा केला आणि हळू आवाजात बोलू लागल्या. "माय, मी रेणूची सासू. मी जांभळी पैठनी नेसली, काठाले मोर हाय. बांगड्या हिरव्या हाय. तुमची नात लाल शालूत हाय, लय गोड दिसून राह्यली. साखरपुड्यात तुमी माह्या पोरीले जो आशीर्वाद देल्ला न, थो आमी ठेवून घेतला. वापस देनार नाई."

साडभाऊंनी कॅमेरा खाली घेतला आणि पागोट्याच्या शेमल्याने कॅमेऱ्याची काच पुसली. काच स्वच्छ होती.

कन्यादानाच्या वेळी त्यांना शोधून आणावं लागलं. बसण्यापूर्वी त्यांनी कॅमेरा माझ्या हातात दिला. "बंद करजा नका. अन् तुमी बोलत राहजा, काय होऊन राह्यलं ते." त्यामुळे माझ्या भाचीचं कन्यादान मी क्रिकेटच्या सामन्यासारखं वर्णन करत पाहिलं. मधूनमधून भटजी माझ्याकडे रागाने पाहत होते, तेही मी सांगून टाकलं.

मग कांद्याच्या खोलीत काम सुरू झालं. या वेळी बदाम नाही, पाकळ्या नाहीत, वर गाणंही नाही. फक्त माणसांचे आवाज एकामागून एक लावायचे. पण साडभाऊ चित्राच्याही मागे लागले होते. रंग सारखे करत होते, हललेले तुकडे काढत होते. एवढ्या बारीक कामाने तो जुना कॉम्प्युटर घामाघूम होत होता. मी न राहवून म्हणालो, "साडभाऊ, मायला दिसत नाही. मग चित्रावर एवढी मेहनत कशाला?"

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. रागावले नव्हते, पण आवाज बदलला होता. "दिसत नाई म्हनून मायले फालतू चित्र देऊ का, भाऊ?"

मी उठलो आणि मोटर कोणी चालू करू नये म्हणून जाऊन विहिरीपाशी उभा राहिलो.

डिस्क तयार झाल्यावर तिच्या डबीवर त्यांनी मुंडावळीतला एक मोती चिकटवला. आपला लाडका प्लेअर पिशवीतून कायमचा बाहेर काढून केनवडच्या घरात बसवला. चालू करायच्या बटणावर ज्वारीचा एक दाणा चिकटवला, म्हणजे मायना बोटाला कळेल. मायनी सगळं हाताने चाचपून पाहिलं आणि म्हणाल्या, "ठेवा तिकडं." बस्स, एवढंच. साडभाऊ उतरलेल्या चेहऱ्याने घरी आले.

काही दिवसांनी मेहुण्याच्या बायकोचा फोन आला. दुपारी सगळी शेतात गेली की मायच्या खोलीतून लग्न ऐकू येतं, म्हणे. दार लावलेलं असतं. आचाऱ्याच्या हिंगाला माय एकट्याच हसतात, आणि विहीणबाईंचं बोलणं पुन्हा पुन्हा लावतात.

साडभाऊंना तेवढं पुरे होतं. त्यानंतर गोतावळ्यातलं एकही कार्य सुटलं नाही. डोहाळजेवणाच्या डबीवर एक घुंगरू लागलं, कोणाच्या वास्तूच्या डबीवर विटेचा खडा, तुरीच्या दिवसांतल्या डबीवर वाळलेली शेंग. माय बोटं फिरवून हवी ती काढायच्या. लोकही शहाणे झाले. कॅमेरा दिसला की न विचारता, "माय, मी अमका, अंगात निळा सदरा," असं सुरू करायचे.

रेणूला मुलगा झाला. पहिलं बाळंतपण माहेरी, तेव्हा बारसंही रिठदलाच ठरलं. आमंत्रण द्यायला साडभाऊ केनवडला गेले, पण आग्रह करायचं धाडस त्यांना होईना. शेवटी मायच म्हणाल्या, "गाडी कव्हा पाठोता?"

बारशाला माय पाळण्याशेजारी खुर्चीत बसल्या. पहिली बाई पाया पडली आणि म्हणाली, "बऱ्या हा का माय?" मायनी तिचा हात धरला. "सुमन नोय का तू? वास्तूले गुलाबी नेसली होती." मग एकेक येत गेलं. धोतरवाल्या म्हाताऱ्यांनी नुसतं खोकलून घसा साफ केला, तर माय म्हणाल्या, "बसा जी, आज टोपी घातली का नाई?" रेणूची सासू मुद्दामच काही न बोलता समोर उभी राहिली. फक्त बांगड्या वाजल्या. मायनी मान वर केली. "विहीनबाई, बोला वो. तुमचा आवाज मी रोज आयकतो." त्या बाईंनी मायच्या मांडीवर डोकंच ठेवलं.

सगळ्यात शेवटी रेणू समोर बसली. "आजी," एवढंच म्हणाली. मायनी तिच्या ओटीत खण-नारळ घातला, आणि हात नेमका तिच्या गालावर गेला. कोणी हसलं नाही. साडभाऊ कॅमेरा डोळ्याला लावून उभे होते आणि त्यांचे खांदे हलत होते. त्या डिस्कमधला तेवढा भाग अजून थरथरतो. हललेला एकही तुकडा न ठेवणाऱ्या माणसाने तो काढलेला नाही.

आता माय बऱ्याच थकल्या आहेत. प्रवास होत नाही. संक्रांतीच्या सुमारास आम्ही केनवडला गेलो, तेव्हा साडभाऊ आधीच येऊन बसले होते. मायनी त्यांना नवी फर्माईश केली होती. "मानसं आयकून झाले जवाईबुवा. आता माह्या वावराची एक मारून आना." म्हणून आठवडाभर साडभाऊ रोज सकाळी मायच्या गव्हाच्या शेतात जाऊन बसले होते. रस्त्याने कोणी गाणी लावून ट्रॅक्टर नेला की हात जोडून त्याला थांबवत होते म्हणे.

जेवणं झाली, बायका आत बोलत बसल्या आणि साडभाऊंनी डिस्क लावली. आधी नुसता वारा होता. मग कुठेतरी होले पक्षी घुमले. मोटरीचा बारीक घरघर आवाज आला आणि विहिरीचं पाणी पाटात पडून चालू लागलं. माय भिंतीला टेकून बसल्या होत्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "आपल्याच हिरीचं नोय का?"

"होय माय."

"पाटात गवत माजलं. पानी अडून राह्यलं." दाराशी उभा असलेला मेहुणा चुपचाप आत निघून गेला.

माय ऐकत राहिल्या. याच शेतात त्यांनी पदर खोचून, हातात फावडं घेऊन कितीतरी वर्षं पाणी धरलं होतं. एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात पाणी वळल्याचा आवाज आला की त्यांची मांडीवरची बोटं किंचित हलत. हळूहळू ती हलायची थांबली. माय झोपल्या होत्या. समोर टीव्हीवर गव्हाचं हिरवं शेत दूरपर्यंत पसरलं होतं, पात्यांवरचं दव थेंबाथेंबाने दिसत होतं, आणि साडभाऊ तिकडे पाहतच नव्हते. ते मायच्या अंगावरची चादर सारखी करत होते.

झोपमोड नको म्हणून मी टीव्ही बंद करायला उठलो. साडभाऊंनी माझा हात धरून मला खाली बसवलं.

"राहू द्या भाऊ," ते अगदी हळू म्हणाले. "पानी अजून बांधापावतर गेलं नाई."